टाकून दिलेले नमुने

सावरेबंदरच्या समोर, किनाऱ्यापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर, एक पिवळा तरंगता पिंप नांगरून ठेवलेला आहे. आमच्या समुद्र-संशोधन संस्थेच्या कागदपत्रांत त्याचं नाव इतकं लांब आहे की ते मलाही एका दमात सांगता येत नाही. गावात त्याला वैद्य म्हणतात. तो समुद्राची नाडी बघतो म्हणून वैद्य.

गावाने मलाही एक नाव ठेवलं आहे: बाटलीवाले सर. माझी सगळी नोकरी समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून त्यातले जीवाणू तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर मी इथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा सामानात पुस्तकांची अठरा खोकी आणि रिकाम्या बाटल्यांच्या चार पेट्या होत्या. त्या उतरवताना ज्यांनी पाहिलं त्यांचा जो समज व्हायचा तो झाला. तो दूर करायला मला सहा महिने लागले, आणि अजूनही काही जण मुद्दाम विचारतात, "काय सर, आज किती भरल्यात?"

वैद्य काय करतो ते थोडक्यात सांगायला हवं.

अरबी समुद्रात दीडशे मीटर खाली गेलं की पाण्यातला प्राणवायू संपत येतो, आणि तिथून जवळजवळ हजार मीटरपर्यंत तो नसल्यातच जमा असतो. मासे तिथे फारसे जात नाहीत. पण ते पाणी निर्जीव नाही. तिथले काही जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात. नायट्रेट संपलं की दुसऱ्यांची पाळी येते. ते सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, ज्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि ज्याने मासे मरतात. मग तिसरे येतात, हे सल्फाइड खाऊनच जगणारे; त्यांना आम्ही गंधकजीवाणू म्हणतो. एक वस्ती उठते, दुसरी बसते. पावसाळ्याच्या शेवटी हे खालचं पाणी तळाच्या उतारावरून चढत किनाऱ्याकडे सरकतं. वर नद्यांचं हलकं, गोडं पाणी झाकणासारखं पसरलेलं असतं, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. झाकणाखाली हे मेलेलं पाणी कधी किनाऱ्याला लागेल हे पूर्वी कुणालाच कळत नसे.

वैद्याला ते कळतं. तो दर वीस मिनिटांनी तीन खोलींवरचं पाणी ओढतो, त्यातल्या जीवाणूंच्या पेशी फोडतो आणि त्यांची कोणती जनुकं त्या क्षणी कामाला लागली आहेत ते वाचतो. प्राणवायू घटण्याच्या आधीच जीवाणूंची तयारी सुरू होते. ती तयारी दिसली की वैद्याचा दिवा हिरव्याचा पिवळा होतो आणि गावातल्या फोनवर सूचना जाते; प्राणवायू संपलाच की दिवा लाल होतो. हे यंत्र चारुता नाबरने बनवलं. ती माझी विद्यार्थिनी. आता ती संस्थेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मी तिच्या हाताखाली आठवड्यातून एक दिवस मानधनावर काम करतो. हे काम तिने मला यंदाच्या उन्हाळ्यात दिलं ते प्रेमापोटी, हे मला ठाऊक होतं. यंत्र जे नमुने सदोष म्हणून बाजूला टाकतं, त्यांची यादी नजरेखालून घालायची. निवृत्त माणसाच्या हातून काही बिघडू नये म्हणून शोधून काढावं तसं काम.

वैद्याच्या आतल्या अंगाला, बेटाच्या आडोशाला, गावातल्या महिला गटाचे सोळा पिंजरे होते. पिंजरा म्हणजे पाण्यावर तरंगणारं मोठं गोल कडं आणि त्याखाली पाच मीटर खोल लोंबणारं जाळं. आत चोणक जातीचा मासा वाढत होता. समुद्रातला मासा वाईट पाणी आलं की पळून जातो, पिंजऱ्यातल्याला पळता येत नाही. म्हणूनच वैद्य तिथे होता. तीन वर्षांत त्याने दोनदा इशारा दिला होता, दोन्ही वेळा तो खरा ठरला होता, आणि बायकांनी दोन दिवसांत धावपळ करून मासा वाचवला होता. त्यांचा त्या पिंपावर देवासारखा नाही, पण डॉक्टरासारखा विश्वास बसला होता.

सप्टेंबर संपत आला होता. एका सोमवारी मी यादी उघडली. एरवी शंभरातले दोन-तीन नमुने बाद होतात. त्या आठवड्यात शंभरातले एकतीस बाद झाले होते. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शेरा: ‘प्राणवायू आणि गंधकजीवाणू एकत्र, नमुना दूषित, वगळला.’

पंपाच्या तोंडाला शिंपले चिकटले असतील असं मला वाटलं. मी इंदूताईंकडे गेलो. इंदुमती खवणेकर, गटाच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःची होडी स्वतः हाकणारी. त्यांनी मला होडीत बसवलं, तेही हाताला धरून, कारण आदल्या वर्षी मी चढताना पाण्यात पडलो होतो.

पिंपाजवळ पोचल्यावर त्यांनी पंपाची नळी ओढून वर घेतली आणि तोंड माझ्यासमोर धरलं. जाळी लख्ख स्वच्छ होती.

"ह्येका काय झाला?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरातली भांडी इतकी लखलखनत नाय."

"मग नमुने खराब का होतायत?"

"ता तुमी सांगूचा की मी?"

मला काय वाटत होतं ते मला कळत होतं, आणि ते मला नको होतं.

एकतीस वर्षांपूर्वी मी एका संशोधन जहाजावर होतो. कोकण किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तीन दिवसांत मी अकरा बाटल्या अशा भरल्या की ज्यांत प्राणवायूही होता आणि सल्फाइड खाणारे जीवाणूही जोमाने कामाला लागलेले होते. पुस्तकाप्रमाणे असं होत नाही. ज्या पाण्यात प्राणवायू आहे तिथे सल्फाइड टिकत नाही, मग ते खाणाऱ्यांना काम कुठलं? आमच्या प्रमुखांनी बाटल्या पाहिल्या आणि म्हणाले, "सोहोनी, तुमच्या बाटल्यांची झाकणं गळतायत. वर येताना हवा शिरली." झाकणं गळत नव्हती. मी ती तीनदा तपासली होती. पण प्रमुख इतक्या सहजपणे बोलले की मला वाटलं, चौथ्यांदा तपासली असती तर गळताना दिसली असती. आठवड्याने त्याच किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आली. मी ती कापून वहीत चिकटवली, आणि पुढच्या वर्षी नमुने घेण्याची नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तिच्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं: प्राणवायू आणि गंधकजीवाणू एकत्र आढळल्यास नमुना दूषित समजून वगळावा. हा नियम पुढे सगळीकडे गेला. चारुताने तो यंत्रात घातला. माझ्याबद्दलच्या आदराने घातला.

मंगळवारी सकाळी मी तिला फोन केला. ती पेरूमध्ये होती. तिथल्या समुद्रातही असंच पाणी आहे आणि तिथलं सरकार असे चाळीस पिंप घेणार होतं. तिच्याकडे संध्याकाळ होती, मागे माणसांचा आवाज येत होता.

"सर, तुम्ही बरे आहात ना? या वेळी कधी फोन करत नाही तुम्ही."

मी यादीबद्दल सांगितलं.

"पंप बघितलात?"

"स्वच्छ आहे."

"मग तळचा गाळ उडत असेल. सर, वगळायचा नियम तर तुमचाच आहे. मी तुमच्याकडूनच शिकले तो."

"चारुता, तो नियम कदाचित..." मी थांबलो. "कदाचित थोडा कडक असेल."

"कडक म्हणजे?"

अकरा बाटल्यांबद्दल तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. ते शब्द माझ्या तोंडात होते. मी म्हणालो, "काही नाही. बघतो अजून."

"सर, एक विनंती. गावात काही बोलू नका. उगाच घाबरून त्यांनी पिंजरे हलवले आणि काही झालं नाही, तर तीन वर्षांत कमावलेला विश्वास जाईल. मी रविवारपर्यंत निघते, मग आपण दोघं मिळून बघू."

मी ‘बरं’ म्हणालो. माझ्या आयुष्यात मी हा शब्द जितक्यांदा वापरला आहे तितका दुसरा कुठलाच नसेल.

फोन ठेवून मी किनाऱ्यावर गेलो, कारण घरात बसवेना. तिथे जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. होड्या बांगड्याने काठोकाठ भरून येत होत्या. इंदूताईंचा धाकटा दीर बाबल गुडघाभर माशांत उभा राहून ओरडत होता.

"वयनी, बांगडो दारात इलोसा! जाळा टाकूक नको, सूप धर आणि भर! दहा वर्सांत असो बघूक नाय."

इंदूताई त्याच्या होडीच्या कडेला वाकून बघत होत्या. त्यांनी ढिगात हात घातला आणि एक चपटा, मातकट मासा शेपटीला धरून बाहेर काढला.

"रे बाबल, जाळा खय टाकलंस? तळाक?"

"खुळी काय तू? बांगड्याचा जाळा वरसून टाकतत."

"मगे ही लेप वर कित्याक इली?"

"वाट चुकली आसतली."

"एक वाट चुकतली." त्यांनी दुसरी काढली. मग तिसरी. लेप हा तळाच्या वाळूत पडून राहणारा मासा. पाण्याच्या वरच्या अंगाला तो सापडत नाही. इंदूताईंनी तिन्ही लेपी वाळूवर ठेवल्या आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सर, काल नळी बघून झाल्यार तुमचा तोंड असा झाला होता जसा कोणी गेल्याची चिठ्ठी इली. काय ता आता सांगा."

अशा प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणता येत नाही. निदान त्या बाईसमोर येत नाही. बांगडा किनाऱ्याला का लागला होता, लेपी वर का आल्या होत्या, ते मला त्या क्षणी कळलं: खालचं पाणी त्यांना वर आणि आत ढकलत होतं. मी म्हणालो, "सगळ्यांना बोलवा. मी एकदाच सांगू शकेन, दोनदा नाही जमणार."

जाळी विणायच्या शेडमध्ये दुपारी गटातल्या दहाही बायका जमल्या. बाबलही आला, आणि बांगड्याची झिंग चढलेले आणखी काही होडीवाले. मी उभा राहिलो. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या चष्म्यावर वाफ जमते, तशी ती जमली.

मी त्यांना बाटल्यांचं सांगितलं. झाकणांचं, नियमाचं सांगितलं. असं का होत असावं हेही सांगितलं, कारण त्यावर मी एकतीस वर्षं चोरून विचार केला होता. पाण्यात मेलेल्या शेवाळाचे कण तरंगत असतात, भाताच्या कोंड्याएवढे. प्रत्येक कण म्हणजे एक बंद खोली. बाहेर प्राणवायू असला तरी आत तो संपलेला असतो, आणि गंधकाचे जीवाणू आत आपलं काम करत बसलेले असतात. खालचं पाणी चढायला लागलं की असे कण त्याच्या आधी पुढे येतात. म्हणजे पाणी अजून चांगलं असतानाच त्याचा निरोप आलेला असतो. आणि यंत्र तो निरोप फाडून टाकत होतं, कारण मी तसं लिहून ठेवलं होतं.

"म्हणजे वैद्य खोटा सांगता?" कुणीतरी विचारलं.

"वैद्य खरं सांगतोय. मी त्याचं तोंड दाबून ठेवलंय."

"किती दिवस आसत?"

"पाच. सहा. तेव्हा आठवड्याच्या आत मासे मेले होते. मला नक्की माहीत नाही."

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. चोणक खाडीच्या निमगोड्या पाण्यातही जगतो, आणि खालचं पाणी तिथवर पोचत नाही. पिंजरे ओढून खाडीत न्यायचे. पण मासा आत असताना पिंजरा ओढायचा म्हणजे माणूस चालतो त्याच्या निम्म्या वेगाने, फक्त भरतीला, आणि त्याला गावातली प्रत्येक होडी दोन दिवस लागणार होती. बांगडा दारात आलेला असताना.

शालन उठली. शालन गिरकर, गटातली सगळ्यात लहान, तिशीची. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली. वैद्याचे आकडे रोज सकाळी फोनवर उघडून बघणारी ती एकटीच होती, आणि ते कसे वाचायचे हे मीच तिला शिकवलं होतं. तिचे दोन पिंजरे होते.

"सर, एक इचारू?"

"विचार."

"तुमीच माका शिकवलास, मनाक वाटता तेच्यापेक्षा आकडो मोठो. आज आकडो हिरवो आसा. आणि तुमी मनाक वाटता म्हणान पिंजरे हलवक सांगतास?"

तिचा मुद्दा बरोबर होता. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर मीही हेच विचारलं असतं, अर्थात मनातल्या मनात.

"हो," मी म्हणालो. "अकरा बाटल्या आणि तीन लेपी. एवढंच आहे माझ्याकडे."

"मगे मी नाय हलवणंय. ओढताना मासो मेलो तर ता कोणाच्या माथ्यार?" ती रागाने नव्हे, दुःखाने बोलत होती. "माझो विश्वास तुमच्या कामार आसा, सर. तुमचोच नाय काय?"

बाबल म्हणाला, "माझीय होडी गावाची नाय. उद्या बांगड्याक जातलंय." आणि मागून दोघातिघांनी दुजोरा दिला.

इंदूताई उठल्या. त्या म्हणाल्या, "बरा. उद्या सकाळी भरतीच्या आधी सगळ्यांनी बंदरार येवचा. ओढा नको ओढा, ता मगे बघू. आधी गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांदेखत घातलेलं साकडं. होडी नवी पाण्यात लोटायची असो की घरात लग्न असो, एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी विज्ञानाचा माणूस. असल्या वेळी मी मागे उभा राहतो आणि ओठ नुसते हलवतो.

बुधवारी सकाळी ते मला जमलं नाही, कारण इंदूताईंनी मला हाताला धरून पुढे आणलं. एरवी गाऱ्हाणं गावातला एखादा वडीलधारा पुरुष घालतो. त्या दिवशी नारळ त्यांनी स्वतःच हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, बेटार बसलल्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो सावऱ्याचो सगळो मेळो तुझ्यासमोर उभो आसा. लेकरांसारखो वाढवलेलो मासो घेवन खाडीत निघालो. दोरी तुटा नये, जाळा फाटा नये!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्याच्या तळाक जे बारीक किडे आसत, जे दिसणत नाय, तेंकाय तूच जन्माक घातलंस. तेंका सांग, तुमचा पोट भरा, पण आमच्या वाटेक जाव नको!"

"व्हय म्हाराजा!" यावर थोडं हसू झालं. जीवाणूंना किडे म्हटलेलं मला एरवी सहन होत नाही.

"आणि ह्या सरांच्या हातून एकतीस वर्सांमागे चूक झाली. खरा बघल्यानी आणि आपल्याच डोळ्यांक खोटा म्हटल्यानी. काल ती चूक तेंनी आपल्या तोंडान सांगल्यानी. तेवढा कोणी इचारूक नव्हता, तरी सांगल्यानी. ती पदरात घे, आणि तेंच्या शब्दाक आज आमी उभे रवतो, ता गोड करून घे रे म्हाराजा!"

मग शंभरेक माणसांनी एकदम म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि बाबलचा आवाज, त्याच्या सवयीप्रमाणे, सगळ्यांत मोठा होता.

इंदूताई नारळ खाली ठेवून वळल्या. "बाबल, तुझ्या होडयेक लांब दोरी आसा मा?"

त्याने तोंड उघडलं, बांगड्याकडे बघावं तसं समुद्राकडे बघितलं, आणि मिटलं. सगळ्या गावासमोर देवाला ‘व्हय’ म्हणून झालं होतं. "आसा," तो म्हणाला. "फसवलंस मा वयनी."

शालन मागे उभी होती. तिने ‘व्हय’ म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणी तिला काही बोललं नाही.

चौदा पिंजरे दोन दिवसांच्या भरत्यांत खाडीत आले. एकाचं जाळं फाटलं आणि त्यातला बराच मासा निसटला. बाकीच्यांतही काही मासा दगावला. मी इंदूताईंच्या होडीत बसून पाण्यातला प्राणवायू मोजत राहिलो, कारण मला दुसरं काहीच येत नाही.

मग काही झालं नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. वैद्य हिरवा. समुद्र काचेसारखा. शेजारच्या गावच्या होड्या बांगडा भरभरून नेत होत्या आणि आमचे होडीवाले बंदरावर बसून ते बघत होते. बाबल मला रस्त्यात भेटला. "सर, बाटलीत नेमका काय होता?" तो म्हणाला. शनिवारी दुपारी मी चारुताला निरोप लिहायला घेतला, की माझी चूक झाली, गाव तुझ्यावर रागावेल, मला माफ कर. तो निरोप मी चार वेळा लिहिला आणि पाठवला नाही. एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांवर आठवडाभर विश्वास ठेवून बघावा, असं मी ठरवलं होतं. फार जड गेलं ते.

रविवारी दुपारी बारा वाजता शालन धावत माझ्या दारात आली. चपलाही नव्हत्या पायात. तिने फोन माझ्यापुढे धरला. वैद्याचा दिवा पिवळा न होताच लाल झाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा समुद्राला वास येत होता. सडक्या अंड्यांचा, ओळखीचा, प्रयोगशाळेतला वास, पण आभाळाएवढा. तिच्या पिंजऱ्यांतला चोणक वर येऊन तोंडं उघडत होता. इंदूताई, बाबल आणि आणखी तीन होड्या मागोमाग आल्या. सगळ्यांनी हाती लागेल त्या भांड्यात, पिंपात मासा भरला, हातांनी पाणी ढवळलं. तासाभरात दोन्ही पिंजरे शांत झाले. पाण्यावर सगळीकडे पांढरी पोटं होती.

शालन होडीच्या कडेवर बसली होती. तिची ओली साडी अंगाला चिकटली होती. "सर," ती म्हणाली, "आकडो आता इलो."

मी तिच्या शेजारी बसलो. सांत्वन मला येत नाही. मी म्हणालो, "तू मंगळवारी जे विचारलंस ते बरोबर होतं. आकड्यावर विश्वास ठेवलास ती तुझी चूक नाही. तो आकडा मी अर्धा कापून तुझ्या हातात दिला होता."

तिने पदर पिळला. मग म्हणाली, "उरलेलो अर्धो खय आसा?"

चारुता सोमवारी संध्याकाळी आली, विमानतळावरून थेट. तिने सामान व्हरांड्यात टाकलं, चहा नको म्हणाली आणि खुर्चीत बसली. निघण्याआधी इंदूताईंनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि विमानात तिने तीन वर्षांतले सगळे टाकलेले नमुने काढून बघितले होते.

"आधीच्या दोन्ही वेळीही होतं ते," ती म्हणाली. "सहा दिवस आधीपासून. आपण दोन दिवस आधी सांगितलं आणि पाठ थोपटून घेतली. या वेळी खालचं पाणी सलग आलं नाही, चिंध्या-चिंध्यांनी आलं, त्यामुळे शेवटपर्यंत प्रत्येक नमुन्यात थोडा प्राणवायू होता. शेवटपर्यंत आपण सगळे फेकले." मग तिने माझ्याकडे बघितलं. "अकरा बाटल्या, सर. गावाला सांगितल्यात. मला नाही सांगितल्यात."

"तुला वाईट वाटेल असं वाटलं."

"खोटं."

"तुझ्या नजरेतून उतरेन असं वाटलं."

"हे खरं." तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसलीही. "वीस वर्षं मी तुमचा नियम पाठ म्हणतेय. तुम्हाला एकदा तरी वाटायला हवं होतं की या मुलीला शंका घ्यायलाही शिकवावं."

मी चहा टाकला. या वेळी ती नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तो नियम यंत्रातून काढला आणि पेरूला तसं कळवलं. त्यांनी करार दोन महिने पुढे ढकलला, रद्द केला नाही. खाडीतला मासा जगला. पाणी निवळल्यावर गटातल्या नऊ जणींनी आपापल्या पिंजऱ्यातून थोडा थोडा मासा काढून शालनच्या रिकाम्या पिंजऱ्यात सोडला. जाळ्यात पडलेल्या माशातला वाटा घरी बसलेल्यालाही द्यायची इथे रीतच आहे, त्यामुळे त्याची कुणी फारशी चर्चा केली नाही.

शालन आता रोज सकाळी येते. चारुताने तिला कामावर घेतलं आहे. टाकलेल्या नमुन्यांची यादी आता ती बघते, मी शेजारी बसतो. पहिल्या आठवड्यात तिने माझ्या नियमावलीतले वगळण्याचे सगळे नियम काढले. ते सत्तावीस निघाले. एकेक घेऊन ती विचारते, हा का? काहींना कारण आहे. काहींना फक्त कोणाची तरी भीती आहे, आणि ती कोणाची हे मला अजून आठवतं.

परवा तिने एक ओळ दाखवली. तळाजवळचा नमुना, त्यातली काही जनुकं कुठल्याच ज्ञात जीवाणूशी जुळत नव्हती. शेरा होता: ‘ओळख पटत नाही, वगळला.’

"ह्या कित्याक टाकलास?"

मी चष्मा पुसला. ओळ दोनदा वाचली.

"काय आहे ते मला माहीत नाही," मी म्हणालो.

"कोणाक म्हायत आसा?"

"मला वाटतं, कुणालाच नाही."

"मगे रवांदे," ती म्हणाली, ‘वगळला’ खोडलं आणि पुढची ओळ उघडली.